बुटीबोरीची पहाट आणि सासऱ्यांचं जॅकेट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: तिशीच्या आतले एक गृहस्थ नागपुरात मानेवाड्याला राहतात आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम करतात. फर्स्ट शिफ्ट सहाला लागते, म्हणून पहाटे पाचच्या आधीच गाडी काढावी लागते. दुपारी परत येतात तेव्हा चांगलं कडक ऊन असतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी काळं लेदर जॅकेट दिलं. ते घालूनही वाटेतल्या जामठ्यापर्यंत बोटं बधिर होतात आणि अंगात हुडहुडी भरते. आई दोन स्वेटर आणि माकडटोपी घालायला लावते, बाबा छातीशी पेपर ठेवायला सांगतात. मागच्या पंधरवड्यात धुक्यात ब्रेक दाबायला उशीर झाला, गाडी घसरली, कोपर सोलवटलं आणि जॅकेटची बाही फाटली. घरी मात्र "फाटकाच्या खिळ्याला अडकली" असं सांगितलं. आता दहा हजारांचं रायडिंग जॅकेट घ्यावंसं वाटतं, पण पत्नीला सातवा महिना आहे आणि पुढचा खर्च डोळ्यांपुढे आहे. मित्र विचारतात, "लद्दाखले चाल्ला का बे?" सासऱ्यांना वाईट वाटेल ही धास्ती वेगळीच. त्यांचा प्रश्न असा: "दोन-अडीच महिन्यांच्या थंडीसाठी दहा हजार घालणं बरोबर आहे का? की आणखी एक जाड स्वेटर घेऊन भागवू?"

भाऊ,

आधी कोपराचं सांगा. जखम भरली ना? अजून लाल, गरम वाटत असेल, पाणी किंवा पू येत असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा. रस्त्यावरची बारीक खडी कातडीत राहून जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर तेही विचारून घ्या. आणि पडताना हेल्मेट डोक्यावर होतं की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. होतं असं मी धरून चालते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. "थंडीसाठी दहा हजार" या शब्दांपाशीच मी थांबले. तुमच्या पत्रात दोन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. गाडीवर गारठून जाता ही एक, आणि पडलात तेव्हा अंगावरच्या कपड्याने तुम्हाला वाचवलं नाही ही दुसरी. दोन्हींवर तुम्ही एकच कपडा शोधताय. सासऱ्यांच्या जॅकेटकडूनही तुमची हीच अपेक्षा होती, आणि ते बिचारं दोन्हीकडे कमी पडलं. या अडचणी वेगळ्या केल्या की हिशेब पार बदलतो. ऊब स्वस्त आहे, तिचं बरंचसं सामान तुमच्या घरातच आहे. संरक्षण विकत घ्यावं लागतं, पण ते अडीच महिन्यांसाठी नसतं. मे महिन्यात मानेवाडा चौकात पडलात तरी कोपर तेच आणि डांबर तेच.

आधी थंडीबद्दल. नागपूरची थंडी ही काही खरी थंडी नव्हे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं, आणि तुमचे मित्रही त्याच समजुतीतून बोलतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशी रात्र क्वचित येते, पण डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा अंश काही नवलाचे नाहीत. आता पारा आठवर आहे आणि तुम्ही ताशी ६० च्या वेगाने चाललात, तर चेहऱ्याच्या उघड्या कातडीला ते साधारण दोन अंशांसारखं लागतं. हवामानशास्त्रात वारा आणि तापमान मिळून काढायचं जे सूत्र वापरतात, त्यातून येणारा हा आकडा आहे. शहरात तापमान थोडं चढं असतं आणि इमारतींचा आडोसाही असतो. खापरी सोडली की मोकळं रान लागतं, गाडीचा वेग वाढतो आणि सूर्य उगवायला अजून तास-दीड तास असतो. तुमची बोटं नेमकी जामठ्यापाशीच का बधिर होतात, त्याचं कारण हे. तुम्ही नाजूक आहात म्हणून नव्हे.

ऊब कपड्याच्या वजनात नसते, कपड्यात अडकून राहिलेल्या हवेत असते. नव्या पिंजलेल्या कापसाची रजई हलकी असूनही जास्त उबदार का लागते, ते आपल्याला माहीत आहे. अंगाजवळची हवा शरीर तापवतं आणि ती हवा जागच्या जागी राहिली की गरम वाटतं. गाडीवर वारा नेमकी तीच हवा पळवून नेतो. विणलेल्या स्वेटरला असंख्य भोकं असतात. घरात, अंगणात, शेकोटीपाशी तो उत्तम, पण साठच्या वेगात एकावर एक दोन घाला, वारा दोन्हींतून आरपार जातो. शिवाय दोन जाड स्वेटर तंग जॅकेटखाली कोंबले की लोकरीतली हवा दाबून निघून जाते आणि हात नीट वळत नाहीत. म्हणून तुमच्या दुसऱ्या पर्यायाला, म्हणजे आणखी एका जाड स्वेटरला, माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

आणि बाबांचा पेपर? भाऊ, बाबा बरोबर आहेत. कागदातून वारा जात नाही, आणि घड्यांमध्ये थोडी हवा राहते. जुन्या पिढीतल्या माणसांनी लुना आणि सायकलींवर हिवाळे असेच काढले. पेपर स्वेटरच्या वर आणि जॅकेटच्या आत ठेवायचा. बनियनखाली घातला तर घामाने भिजून त्याचा लगदा होतो. यातून शिकण्यासारखं एकच आहे: सगळ्यात बाहेरचा थर वारा अडवणारा हवा.

तसा थर तुमच्याकडे आहे. पावसाळ्यात वापरून माळ्यावर टाकलेला रेनकोट. वर-खाली असा दोन भागांचा असेल तर फारच छान. आत अंगासरशी थर्मल इनर, त्यावर आईने सांगितलेल्या दोनपैकी एकच स्वेटर, त्यावर रेनकोटचं जॅकेट, आणि पँटवर रेनकोटची पँट. पोराटोरांना हा अवतार विचित्र वाटेल, पण उद्या पहाटे एकदा करून बघा. खर्च शून्य. रेनकोटमध्ये घाम कोंडतो हे खरं, पण पाऊण-एक तासाच्या पहाटेच्या प्रवासात तो फारसा जमत नाही, आणि कारखान्यात पोचताच रेनकोट काढायचाच आहे. इनर मात्र निव्वळ सुती नको. सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं आणि ओलं कापड अंग गार करतं. पॉलिस्टरचं किंवा लोकरमिश्रित घ्या. स्वेटर नवा घ्यायचाच असेल, तर दर हिवाळ्यात नागपुरात लागणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांच्या दुकानांत बिनबाह्यांचा पातळ, दाट विणीचा स्वेटर बघा. विक्रेत्यांमधले काही आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतले असतात. बिनबाह्यांचा अशासाठी, की छाती-पाठ गरम राहते आणि कोपरं मोकळी राहतात. तुम्हाला ब्रेक, क्लच, आरसा, मागे वळून बघणं, हे सगळं त्या हातांनीच करायचं आहे.

थर घालून पाहण्याचं आपल्याकडे आणखी एक कारण आहे. इथे पहाटे आठ-दहा अंश असतात आणि दुपारी पारा सहज सत्तावीस-अठ्ठावीसला जातो. मुंबईकडून येणाऱ्या लोकांना याची कल्पना नसते. पहाटेच्या मानाने घेतलेलं आत कायमचं जाड अस्तर असलेलं जॅकेट दुपारी तीनला अंगावर राहत नाही. माणूस ते काढून डिकीत किंवा टाकीवर ठेवतो, आणि मग पडायची वेळ आली तर अंगावर शर्ट एवढाच. म्हणून एकेक काढता येईल असंच काहीतरी हवं.

फटी बंद करायला विसरू नका. गळा, मनगटं आणि कंबर, या तीन ठिकाणांतून वारा शिरला तर बाकी सगळं केलेलं वाया जातं. इनर पँटमध्ये खोचा. हातमोज्याचं तोंड जॅकेटच्या बाहीवर येऊ द्या किंवा बाहीच्या आत घट्ट बसवा. गळ्यासाठी मफलरऐवजी नळीसारखं गोल कापड मिळतं, पोरं त्याला बफ म्हणतात. ते डोक्यातून घालायचं, त्याला सुटं टोक नसतं. सुट्या टोकाचा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे. नागपुरात दुपट्टा हा बायकांइतकाच पुरुषांच्याही तोंडाला असतो, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि हिवाळ्यात वाऱ्यासाठी. शाल, दुपट्टा किंवा ओढणी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेली तर माणूस क्षणात गळ्याने खेचला जातो. दुपट्टा वापरायचाच असेल तर दोन्ही टोकं आत जाऊन जॅकेटची चेन बंद झाली पाहिजे. स्कूटीवर जाणाऱ्या मुलींना आणि मागे बसणाऱ्या आयांनाही हेच सांगा. तुमच्या पत्नीला या महिन्यांत मागे बसवून नेत असाल तर तिलाही.

आता हात. तुमची गाडी घसरली ती धुक्यामुळे, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, ती तुमच्या बोटांमुळे घसरली. "ब्रेक दाबायला उशीर झाला" हे शब्द तुमचेच आहेत. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. बधिर बोटांनी अर्धा सेकंद जरी खाल्ला तरी आठ मीटर गेले, म्हणजे एका ट्रकची लांबी. शिवाय गारठलेल्या बोटांना ब्रेक किती दाबला जातोय ते कळत नाही. दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर मग पुढचं चाक अडकतं आणि गाडी खालून निघून जाते. तेव्हा खर्चाच्या यादीत पहिला क्रमांक जॅकेटचा नाही, हातमोज्यांचा आहे.

हातमोजे घेताना काय बघायचं? वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे पंज्याच्या वरच्या भागावर, वारा न जाणारं कापड असावं. तळव्यावर चामडं किंवा दुहेरी थर असावा, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. बोटांच्या सांध्यांवर टणक कवच आणि मनगटावर पट्टा असावा, म्हणजे घसरताना मोजा निघून जाणार नाही. माप तंग नको. तंग मोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. फार जाडही नको, नाहीतर दिव्याचं बटण सापडत नाही. दुकानात मोजे घालून गाडीची मूठ धरा, क्लच चार-पाच वेळा दाबा, मग पैसे द्या. लोकरीचे विणलेले मोजे गाडीवर कुचकामी आहेत: वारा अडवत नाहीत आणि मुठीवरून सरकतात. फारच झालं तर बरे मोजे येईपर्यंत आतून तेच विणलेले मोजे आणि वरून वारा अडवणारं काहीतरी असं चालवा. हँडलवर बसवायची कव्हरं मिळतात, दूधवाले, पेपरवाले वापरतात. ती उबदार असतात, पण हात आत सहज जातो आणि सहज बाहेर येतो का, कव्हर ब्रेकच्या दांडीला रेटत तर नाही ना, हे गाडी उभी असताना नीट तपासा.

हात गार पडतात त्याचं कारण निव्वळ हातांतच नसतं. छाती-पोट गारठलं की शरीर आतल्या अवयवांकडे रक्त वळवतं आणि हातापायांकडचं कमी करतं. म्हणून वर सांगितलेले थर नीट जमले, तर तेच मोजे तुम्हाला जास्त उबदार वाटतील. वाटेत एक परीक्षा करत जा. गाडी बाजूला थांबवून अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघा. जमत नसेल तर तुमचे हात गाडी चालवण्याच्या अवस्थेत नाहीत. चहाच्या टपरीवर थांबा, गरम ग्लास दोन्ही हातांत धरा, काखेत हात धरा, बोटं परत ताब्यात आली की निघा. पाच मिनिटं उशिराचा लेटमार्क लागू द्या. इंजिनवर किंवा सायलेन्सरवर मात्र हात शेकू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही आणि मोजा वितळतो तो वेगळाच.

डोक्याबद्दल थोडक्यात. आईची माकडटोपी हेल्मेटखाली नको. हेल्मेट डोक्याला घट्ट बसण्यावरच त्याचं काम अवलंबून असतं. जाड टोपीने ते एकतर वर उचललं जातं किंवा आतलं स्पंज दबून काही दिवसांनी सैल होतं. शिवणीची पातळ कापडी टोपी, जी डोकं, कान आणि मान झाकते, ती दोन-तीनशे रुपयांत मिळते. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं आणि आयएसआय खुणेचं असावं, आयएस ४१५१ हा त्याचा क्रमांक. १ जून २०२१ पासून देशात बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणित नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी फुटपाथवर ती दिसतातच. काच पारदर्शक ठेवा. पहाटे पाचला काळी काच म्हणजे स्वतःहून डोळे झाकणं आहे. आतून वाफ धरते त्यासाठी काच एक घर उघडी ठेवा आणि नाकावरून बफ खाली घ्या. श्वास वर काचेकडे न जाता खाली गेला पाहिजे.

आता सासऱ्यांचं जॅकेट. ते कसलं आहे, हे फाटलेल्या बाहीकडे बघून तुम्हालाच कळेल. फाटलेल्या कडेला खाली विणलेलं कापड दिसतंय आणि वर चकचकीत पापुद्रा सुटलाय, तर ते चामडं नाही, रेक्झिन आहे. खरं चामडं असलं तरी अंगावर मिरवायच्या जॅकेटचं चामडं पातळ असतं आणि शिवण एकेरी असते. गाडी चालवण्यासाठी बनवलेल्या चामड्याच्या जॅकेटला जाड कातडी, दुहेरी-तिहेरी शिवण आणि खांद्या-कोपरांत कवचं असतात, म्हणून ते जड आणि महागही असतं. सासऱ्यांनी तुम्हाला लग्नकार्यात, नातेवाइकांत घालायला छान जॅकेट दिलं. तो आहेर खोटा ठरत नाही. बाही शिवून घ्या आणि सणावाराला, सासुरवाडीला जाताना घाला. ज्या कामासाठी ते बनलंच नाही, त्या कामाला न जुंपणं यात त्यांचा अपमान कुठे आला?

मग दहा हजारांचं रायडिंग जॅकेट? घ्या असंच मी म्हणेन, पण तुमच्या मनात आहे ते बहुधा चुकीचं जॅकेट आहे. "थंडीचं" जाड अस्तराचं जॅकेट नागपुरात फेब्रुवारीच्या मध्याला खुंटीला लागतं आणि पुढचे नऊ-दहा महिने तिथेच राहतं. एप्रिल-मेमध्ये इथे पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो तेव्हा त्याच्याकडे बघवतही नाही. त्याऐवजी जाळीच्या कापडाचं जॅकेट घ्या. त्यातून हवा खेळते, म्हणून ते उन्हाळ्यात सहन होतं. खांदे, कोपरं आणि पाठ यांत कवचं असतात. हिवाळ्यात त्यातून वारा जाईल हे खरं, पण ते अडवायला तुमचा रेनकोट आहेच, तो जॅकेटच्या वर चढवायचा. काही जॅकेटांबरोबर आत लावायचं पाऊस-वारा अडवणारं सुटं अस्तर आणि वेगळं गरम अस्तरही येतं. पहाटे लावा, दुपारी काढून पिशवीत टाका, कवच मात्र येताना-जाताना अंगावर. अशी जॅकेटं पाच-सहा हजारांपासून मिळतात. म्हणजे तुमचे दहा हजार निम्म्यावर येऊ शकतात, आणि ते अडीच महिन्यांसाठी न राहता बारा महिन्यांसाठी होतात. असं जॅकेट चार-पाच वर्षं सहज जातं.

दुकानात लेबल वाचा. जॅकेटवर ईएन १७०९२ (हे युरोपातलं मानक) असं असेल तर त्यापुढे वर्ग दिलेला असतो: ए, एए, एएए. जितके ए जास्त तितकं ते कापड घसरताना जास्त वेळ टिकतं. रोजच्या वापराला ए किंवा एए चालेल. कवचांवर ईएन १६२१-१ असा शिक्का आणि १ किंवा २ ही पातळी असते, पाठीच्या कवचाला १६२१-२. दोन म्हणजे जास्त धक्का शोषणारं. पुष्कळ स्वस्त जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो. कवचाचा शिक्का नसेल तर तो फोमच समजा. दुकानदाराला राग आला तरी खिशातून कवच बाहेर काढून शिक्का बघा. मग जॅकेट घालून, आत तुमचा तो एक स्वेटर असताना, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा. कोपराचं कवच कोपरावरच राहिलं पाहिजे. ते दंडावर सरकत असेल तर पडण्याच्या क्षणी तिथे नसेल. बाही मनगटाच्या वर जाऊ नये, पाठ उघडी पडू नये. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करता येतं का, ते आधी बघा.

एक पद्धत आपल्याकडे फार दिसते, ती सोडून द्या: जॅकेट उलटं घालणं, म्हणजे चेन पाठीला आणि पाठ छातीला. वारा अडतो खरा. पण कवचाच्या जॅकेटचा तर त्याने काही उपयोगच राहत नाही, खांदे-कोपरं भलतीकडे जातात, आणि अपघात झाला तर मदतीला आलेल्या माणसाला ते काढता येत नाही.

पायांसाठी तुम्हाला काही घ्यावं लागणार नाही, असं मला वाटतं. कंपनीने दिलेले सेफ्टी शूज तुम्ही लॉकरमध्ये ठेवून चपलांवर ये-जा करत नाही ना? बरेच जण करतात. घोटा झाकणारे ते बूट गाडीवरही घाला, फक्त गिअर टाकताना पुढचा जाड भाग अडत नाही ना ते आधी बघा. आत लोकरीचे मोजे, पण बूट तंग होणार नाहीत एवढेच जाड. गुडघ्यांना कवच हवं असेल तर पँटवरून बांधायची हजार-दीड हजारांची मिळतात. ती पुढच्या पगाराला घेतली तरी चालतील, पण यादीत असू द्या.

काळ्या जॅकेटचं अजून एक. पहाटे पाचला, धुक्यात, वर्धा रोडवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला काळं जॅकेट दिसत नाही. रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात ते चकाकत्या पट्ट्यांचं बंडीसारखं जाकीट शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. रेनकोटच्या वर ते घाला. माझ्या मते तुमच्या सगळ्या खरेदीत रुपयाला रुपया याहून जास्त उपयोगाचं दुसरं काही नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. मित्रांच्या थट्टेपुढे हा आकडा ठेवा. लद्दाखला जाणारा माणूस आयुष्यात एकदा जातो, तोही सुट्टी काढून, दिवसाउजेडी आणि पूर्ण तयारीनिशी. तुम्ही आठवड्यातले सहा दिवस अंधारात, झोपेतून उठून, ट्रकांच्या रांगेतून जाता. जॅकेटची गरज जास्त कोणाला आहे?

गाडीने जाणंच भाग आहे का, हेही विचारते. खापरीपर्यंतची मेट्रो फर्स्ट शिफ्टच्या कामाची नाही, पहाटे पाचला ती सुरूच झालेली नसते. पण कंपनीची बस मानेवाड्याकडून किंवा जवळच्या चौकातून जाते का? जात असेल तर बाळंतपणाच्या आसपासचे महिने तरी तिचा विचार करा. रात्री बाळ जागवेल आणि पहाटे तुम्ही झोप डोळ्यांवर घेऊन हँडल धराल, त्यावर कुठलंही जॅकेट चालत नाही. बस नसेल तर तुमच्याच बाजूने जाणारे आणखी कोण आहेत ते बघा आणि दाट धुक्याच्या दिवशी दोन-तीन गाड्या पुढे-मागे, अंतर ठेवून जा. वेग चाळीसवर आणला तर थांबायला जागा मिळते, वाराही कमी लागतो. घरातून दहा मिनिटं आधी निघावं लागेल, एवढंच. कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरशीही बोला. चकाकती जाकिटं आणि हातमोजे पंधरा-वीस जणांनी मिळून घेतले तर भाव उतरतो, आणि एकट्याने घातल्याची लाजही राहत नाही.

राहिला खिळा. भाऊ, पत्नीला सातव्या महिन्यात काळजी नको म्हणून तुम्ही पडल्याचं लपवलं, हे मला समजतं. पण कोपरावरची खपली तिने पाहिली नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? ती कदाचित मनात याहून वाईट काहीतरी धरून बसली असेल. शिवाय तुम्ही खरं सांगितलं नाहीत, तर घरच्या हिशेबात हे पाच-सहा हजार हौसेचे ठरतात. सांगितलंत, की ते गरजेचे होतात आणि निर्णय दोघांचा होतो. शांतपणे, जेवणं झाल्यावर सांगा: अमुक दिवशी घसरलो, कोपराला लागलं, आता बरं आहे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून मी हे हे करणार आहे. उपाय सोबत असला की बातमीने माणूस कमी घाबरतो. आईला स्वेटरपैकी एक तुम्ही रोज घालणार आहात हे सांगा, आणि बाबांना त्यांचा पेपर बरोबर होता हेही. सासऱ्यांना काय सांगायचं ते पत्नीवर सोपवा, तिचे वडील कसे आहेत ते तिला चांगलं माहीत आहे.

पैशांचा क्रम असा लावा. या आठवड्यात हातमोजे, चकाकतं जाकीट, पातळ टोपी आणि बफ. चांगले मोजे दीड-दोन हजारांचे धरले तरी हे सगळं अडीच हजारांच्या आसपास बसेल. रेनकोट माळ्यावरून आजच काढा. जाळीचं जॅकेट पुढच्या महिन्यात घ्या. पैसे फारच ओढीचे असतील तर बाळंतपण होऊ द्या आणि मार्चमध्ये घ्या, पण टाळू नका. तोपर्यंत रेनकोटच्या आत बांधता येणारी कोपर-गुडघ्यांची साधी कवचं वापरा. आणि जॅकेट बघायला जाल तेव्हा तुमचा स्वेटर आणि नवे मोजे सोबत न्यायला विसरू नका, त्यांच्याशिवाय माप कळणार नाही.